विश्वास आहे तरी मन उभं राहत नाही, तेव्हा काय करायचं

भाऊ, सलाम. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी उठल्यावर परत एकदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं वय ३६, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं युनिट, दोन मशिनं लोनवर घेतलेली, वर्षभरापूर्वी मोठ्या पार्टीनं काम निम्म्यावर आणलं, हप्ते मागंपुढं व्हायला लागले आणि त्यातच मार्चमध्ये वडील गेले. लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहात, संडे स्कूल घेता. आता प्रार्थनेला बसलं की आतून काही उमटतच नाही, उपासनेत गाणी म्हणताना नुसते ओठ हलतात, आणि संगतीतल्या एका भावानं तोंडावर सांगितलं की तुझ्या विश्वासात खोट आहे म्हणून हे सुटत नाही. तुम्ही विचारलंय, 'ख्रिस्तात मुक्ती आहे असं मीच पोरांना शिकवतो, मग माझी निराशा का जात नाही? मी खरा विश्वासी आहे का नाही?'

मी कोल्हापुरात २७ वर्षं पाळक, म्हणजे पास्टर, म्हणून काम करतोय. गृहभेटी, दवाखाना, अंत्यविधी, घरातली भांडणं सगळं बघितलंय, आणि खरं सांगतो, लोक माझ्याकडं शास्त्रातल्या अवघड प्रश्नांसाठी कमी येतात, मन खचलं म्हणून जास्त येतात. त्यावरून मला वाटतं की तुमचा प्रश्न एक नाही, दोन आहेत. मन खचलंय हा एक, आणि मन खचलंय याची लाज वाटतेय हा दुसरा. माणूस पहिल्यापेक्षा दुसऱ्यानं जास्त झिजतो. धंद्याचं टेन्शन दिवसा असतं, पण 'विश्वासी असून मी असा कसा' हे रात्री दोन वाजता उठवून बसवतं, आणि लाजेपोटी माणूस कुणाला बोलत नाही, बोलत नाही म्हणून कुणी मदतीला येत नाही, मदत आली नाही की वाटतं देवानंही सोडलं. म्हणून आधी त्या लाजेचं बघू.

पवित्र शास्त्र उघडून बघा की कोणकोण खचलंय. मोशे गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात देवाला म्हणतो, हे एवढं ओझं मला एकट्याला झेपत नाही, असंच करणार असशील तर मला मारून टाक. यिर्मया आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर एवढा भार पडला की आम्ही जगायचीसुद्धा आशा सोडली होती. आणि गेथशेमाने बागेत आपला प्रभू येशू स्वतः काय म्हणाला? 'माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे.' हे म्हणून तो थांबला नाही, तीन मित्रांना म्हणाला की इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्रानं त्या रात्री माणसांची सोबत मागितली. तेव्हा खिन्न होणं म्हणजे अविश्वास असा हिशेब कुणी मांडत असेल तर तो हिशेब या बागेपाशी चुकतो, हे तुम्ही मनात पक्कं करा.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला पाहिजे, कारण तुम्हाला समोर बसवून मी बोलत नाहीये. सगळं खचणं एकाच जातीचं नसतं. काम आणि पैशाच्या माराचं असतं, माणूस गेल्याच्या दुःखाचं असतं, कधी मनावर एखादं पाप असतं जे कबूल केल्याशिवाय हलत नाही, आणि कधी तो चक्क आजार असतो. तुमच्या लिहिण्यावरून मला पहिल्या दोन्हींची सरमिसळ दिसते, पण रात्री तीनला जाग येते एवढं सोडलं तर तुम्ही झोपेचं आणि जेवणाचं काहीच लिहिलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज मन पडलेलं असेल, झोप उडाली असेल किंवा उठवतच नसेल, भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कोल्हापुरात चांगले डॉक्टर आहेत, सीपीआर या सरकारी दवाखान्यातही विभाग आहे. आणि मरावं असं मनात येत असेल, अगदी ओझरतं जरी येत असेल, तर उद्यावर टाकू नका, आत्ता बायकोला सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं आपल्या संगतीत अजून काही लोक म्हणतात, मला त्याचा फार त्रास होतो. ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले त्यानंच आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहिलं की तुझ्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. 'विश्वास वाढव' असं लिहिलं नाही. आणि विल्यम केरीचं घर आठवा. ज्यांनी १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० ला कोश, ते मिशनरी केरी. त्यांची बायको डोरोथी, १७९४ साली पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि त्यानंतर ती मनानं जी खचली ती १८०७ साली मरेपर्यंत बरी झाली नाही. शेजारच्या खोलीत केरी शास्त्राचं भाषांतर करतायत आणि या खोलीत ती. त्या काळी तिला द्यायला औषध नव्हतं. आज आहे, आणि मला ती देवाची दयाच वाटते.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी ज्याच्यापाशी नेहमी शोधतो तो एलीया संदेष्टा. पहिले राजे, १९ वा अध्याय. तुम्ही पोरांना कर्मेल डोंगराची गोष्ट शिकवली असणार, आकाशातून अग्नी पडतो ती. त्याच्या लगेच पुढचा अध्याय मात्र संडे स्कूलमध्ये फारसा कुणी घेत नाही. इजबेल राणीचा निरोप येतो, उद्या या वेळेपर्यंत तुला ठार करते, आणि हाच माणूस जीव घेऊन पळतो, बैर-शेब्यापर्यंत, तिथं चाकराला सोडतो, एक दिवसाची वाट एकटाच रानात चालून एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, प्रभो आता पुरे, माझा जीव घे. मग झोपतो.

इथं देव काय करतो ते सावकाश बघा. रागावत नाही. 'काल अग्नी बघितलास की, आज काय झालं' असं विचारत नाही. दूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशापाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पितो आणि परत झोपतो. दूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा येऊन परत खायला लावतो, कारण तुला पुढं लांबचा पल्ला आहे म्हणतो. दोन वेळचं जेवण आणि दोन झोपा झाल्यावर मग चाळीस दिवसांची वाट, आणि देवाचं बोलणं त्या वाटेच्या शेवटी होरेब डोंगरावर.

आणि होरेबवर जे होतं ते माझ्याही फार वर्षं लक्षात आलं नव्हतं. देव विचारतो, एलीया, तू इथं काय करतोस? तो आपलं गाऱ्हाणं सांगतो, मी एवढा ईर्ष्येनं झटलो, सगळ्यांनी करार मोडला, मीच काय तो एकटा उरलोय आणि माझ्याही जिवावर उठलेत. मग वारा, भूकंप, अग्नी, आणि नंतर ती मंद वाणी. देव परत तोच प्रश्न विचारतो. आणि एलीया परत तेच उत्तर देतो, शब्दाला शब्द तेच. म्हणजे देवाचा एवढा मोठा अनुभव येऊनसुद्धा त्याच्या मनाची पट्टी बदललेली नाही! देव त्यावर वाद घालत नाही. त्याला तीन कामं देतो, याला अभिषेक कर, त्याला अभिषेक कर, अलीशाला आपल्या जागी घे. आणि एकच चूक दुरुस्त करतो, तू एकटा नाहीस, बआल या परक्या दैवतापुढं न वाकलेले सात हजार मी राखून ठेवलेत. मग एलीया निघतो. मन हलकं झालं असं कुठंही लिहिलेलं नाही, पण तो निघाला, आणि अलीशाच्या रूपानं त्याला सोबतीही मिळाला.

मी हे पुस्तकातून बोलत नाहीये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट असते, हायवे तुमच्या शिरोलीपाशीच बंद होता, ते तुम्ही बघितलंच असेल. तेव्हा मी अजिबात खचलो नव्हतो. चिखल काढला, चादरी वाटल्या, अंगात वारं भरल्यागत काम केलं. मग कोरोना आला. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कबरस्तानात किट घालून चार माणसांत वचन वाचायचं आणि घरचे गेटच्या बाहेर उभे, असं किती वेळा केलं ते मला मोजायचं नाही. आणि जुलैत परत पूर. पाणी उतरल्यावर एका घरी गेलो, त्या ताईंनी आधीच्या पुरानंतर कर्ज काढून केलेलं लाकडी कपाट परत फुगून दारं वाकडी झालेली. त्या काही बोलल्या नाहीत, एक फडकं माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघं कपाट पुसत राहिलो. त्या दिवसानंतर माझी प्रार्थना बंद झाली. रविवारी उपदेश करत होतो, पण जुन्या वह्यांतले काढून. बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात आमच्या मंडळीतल्या एक मावशी आल्या. सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स म्हणून रिटायर, तेव्हा सत्तरीच्या पुढच्या. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार. मला वाटलं आता वचन सांगतील. त्यांनी स्टीलचा डबा उघडला, ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा, आणि म्हणाल्या, 'पास्टर, आदी खावा.' मी खाल्लं. त्या समोर बसून राहिल्या, भाकरी संपली तशी दुसरी ताटात टाकली. हात धुऊन आलो तर पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली, 'हयातीचा दाखला द्यायचाय बँकेत. मला एकटीला रांगेत उभारवत न्हाई. चला.'

दोन तास रांगेत गेले. काउंटरवर त्यांचा हात थरथरत होता, मी कागदाची कड दाबून धरली आणि त्यांनी सही केली, की ही बाई हयात आहे. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, 'माझं मालक गेलं तवा मी वरीसभर प्रार्थना केली न्हाई. त्या वक्ताच्या पास्टरनी माझ्या वाटणीची केली. आता तुमच्या वाटणीची मी करतोय. तुम्ही जेवत जावा.'

मी त्या दिवशी काही मोकळा झालो नाही. पण त्या आठवड्यात मी झोपलो. मग हळूहळू, कधी दोन पावलं पुढं कधी एक मागं, आणि पुढच्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारची तयारी करताना लक्षात आलं की झावळ्या बांधता बांधता मी गुणगुणतोय. कधीपासून ते मला आठवत नव्हतं.

यावरून मी जे धरून चाललोय ते तुमच्या कामाचं असेल तर बघा. निराशेत दोन जिन्नस एकमेकांत मिसळलेले असतात, ओझं आणि खोटं. एक वही घ्या, साधी, दुकानच्या हिशेबाची चालेल, आणि पानावर मधून रेघ मारा. तुमच्याच लिहिण्यातली वाक्यं घेतो. 'दोन हप्ते थकलेत', 'वडील गेले', 'रात्री तीनला जाग येते', ही ओझ्याच्या बाजूला. 'मी संपलो', 'माझ्या टेन्शनमुळं वडील गेले', 'देवानं माझ्याकडं पाठ फिरवली', ही खोट्याच्या बाजूला. एलीयाचंही असंच होतं. इजबेल खरोखरच जिवावर उठली होती, ते ओझं, देवानं ते नाकारलं नाही. 'मी एकटाच उरलोय' हे खोटं, तेवढंच देवानं खोडलं.

आपण मंडळीत गल्लत करतो ती इथं. ओझ्यावर नुसतं वचन लावतो, आणि खोटं पैसे आले की जाईल असं धरतो. ओझं हातानं हलवावं लागतं. याकोब स्पष्ट लिहितो की भावाला अंगावर कपडा नाही, पोटाला नाही, आणि तुम्ही नुसतं 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणालात तर काय उपयोग. तुमच्या हप्त्याचंच घ्या. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं आणि मग मॅनेजरच्याही हातात फार राहत नाही. तुम्ही लिहिलंय की बँकेचा फोन आला की उचलत नाही. भाऊ, या आठवड्यात स्वतः बँकेत जा, बरोबर सीए न्या नाहीतर मंडळीतले हिशेब कळणारे कुणी वडीलधारे न्या, ऑर्डरचे कागद दाखवा आणि हप्ता लांबवून, कमी करून मिळतो का विचारा. मिळेलच असं मी म्हणत नाही, ते तुमच्या खात्यावर आणि बँकेवर आहे. पण न उचललेला फोन माणसाला रोज खातो, हे मी इतक्या घरांत बघितलंय. बँकेत जायच्या आधी दाराबाहेर उभं राहून 'प्रभू, चल माझ्याबरोबर' एवढं म्हणा, ती पूर्ण प्रार्थना आहे.

खोटं मात्र पैशानं जात नाही. 'देवानं पाठ फिरवली' हे मनात बसलं असेल तर उद्या डबल ऑर्डर आली तरी ते तिथंच राहील, पुढच्या अडचणीची वाट बघत. त्याला वचनच लागतं, आणि तेही मोठ्यानं. ४२ वं स्तोत्र काढा. 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस?' तो माणूस स्वतःच्या जिवाशी बोलतोय. एरवी आपण दिवसभर जिवाचं ऐकत बसतो, इथं तो उलटून जिवाला विचारतोय आणि सांगतोय, देवाची आशा धर. आणि एकदा सांगून भागलं नाही, ४२ आणि ४३ मिळून हे पालुपद तीनदा आलंय. म्हणजे दोनदा सांगून जीव परत खाली बसला होता! तुमचाही बसेल. परत सांगायचं. मी लोकांना सांगतो की गाडीवर असताना म्हणा, हेल्मेटमध्ये कुणाला ऐकू जात नाही.

प्रार्थना उमटत नाही त्याचं काय, तर लांब प्रार्थना सध्या सोडून द्या. अर्धा तास गुडघ्यावर बसून स्वतःला दोष देण्यापेक्षा एक स्तोत्र वाचून उठा. आणि फक्त आनंदाची वाचू नका. १३ वं वाचा, 'किती काळ' असं चार वेळा विचारलंय त्यात. ८८ वं वाचा, ते तर अंधारावरच संपतं, शेवटी उजेड नाही. मला ते स्तोत्र शास्त्रात आहे याचा फार आधार वाटतो, कारण ते लिहिणारा अंधारातसुद्धा बोलत देवाशीच होता, दुसऱ्या कुणाशी नाही. तुम्हीही मला लिहिलंत की 'देवावर राग येतोय'. तो राग त्यालाच सांगा. त्याच्यापाशी ठेवलेला राग ही प्रार्थनाच आहे, आणि आत दाबलेला राग पोरांवर निघतो.

आता त्या भावाचं बोलणं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि तेवढंच त्यांचं चांगलं होतं, तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. तुमच्या त्या भावाचा हेतू वाईट नसेल. पण 'तुझा विश्वास' 'तुझा विश्वास' करणाऱ्यानं मार्कचा दुसरा अध्याय वाचावा. पक्षाघाती माणसाला चौघांनी बाजेसकट उचलून आणलं, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उकललं आणि वरून खाली सोडलं. तिथं लिहिलंय की येशूनं 'त्यांचा विश्वास पाहून' त्याला क्षमा केली. चौघांचा विश्वास! बाजेवरच्या माणसानं काय केलं? आडवा पडून राहिला. तुम्ही सध्या बाजेवर आहात. तुमचं एवढंच काम आहे की चौघांना बाज धरू द्यायची, म्हणजेच कुणालातरी खरं सांगायचं. पहिलं बायकोला, अर्धवट नाही, आकड्यांसकट. मग पाळकांना किंवा तोंड बंद ठेवू शकणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याला. सगळ्या संगतीपुढं उठून साक्ष द्यायची गरज नाही, किंबहुना आत्ता देऊच नका.

वडिलांचं तुम्ही एका ओळीत उरकलंय, मला मात्र तेच सगळ्यात जड वाटतं. तुम्ही मशिनिंगवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. फौंड्रीत घाई करून गरम कास्टिंग मोल्डमधून काढलं की काय होतं, तडा जातो, नाहीतर इतकं कडक येतं की तुमच्या मशिनवर टूल खातं. दुःखालाही त्याच्या साच्यात निवायला वेळ लागतो. मार्चपासून तुम्ही बहुतेक एक दिवससुद्धा रडायला घेतला नाहीत, हप्त्यांच्या मागं पळालात. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, चाळिशीची, आईचा सगळा आधार तीच. रमाबाई तेव्हा मराठी शास्त्राच्या भाषांतराचं काम करत होत्या, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. त्या मधल्या महिन्यांत त्यांनी ते काम सोडलं नाही. मला यातून 'बघा किती खंबीर' असं म्हणायचं नाहीये. लेकीच्या दुःखासकट त्या वचनापाशी बसल्या, दुःख संपायची वाट बघितली नाही, एवढंच मला त्यात दिसतं. तुम्ही एखाद्या संध्याकाळी वडिलांच्या कबरीपाशी जा, फुलं न्या, आणि धंद्याचं काय झालं ते सगळं त्यांच्या आठवणीसमोर देवाला सांगा. रडू आलं तर येऊ द्या, मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या कबरीपाशी प्रभू रडला, दोन मिनिटांत त्याला उठवणार हे माहीत असूनही रडला.

संडे स्कूल सोडू का असं तुम्ही विचारलंय. माझं मत, कायमचं सोडू नका, चार-सहा रविवार दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगा. त्या काळात उपासनेला मात्र या, उशिरा आलात तरी चालेल, मागच्या बाकावर बसा, गाणं म्हणता आलं नाही तर बाकीच्यांचं ऐका. मंडळी गाते ते कधीकधी न गाऊ शकणाऱ्याच्या वाटणीचंही असतं. प्रभुभोजनाला पुढं या. 'लायक वाटत नाही' म्हणून थांबू नका, भाकर खचलेल्या माणसाच्या हातात आधी द्यायची असते. थोडं बरं वाटलं की एखादंच काम घ्या, मावशींनी मला दिलं तसं, कुणाला दवाखान्यात नेणं, कुणाचा फॉर्म भरून देणं. एकच. दहा घेतलीत तर ते परत पळणं होईल.

राहिला मुक्तीचा प्रश्न. मुक्ती म्हणजे निराशा परत कधी दारात येणार नाही, असं मी तुम्हाला सांगितलं तर ते माझ्या अनुभवाशी खोटं बोलणं होईल. पौलानं शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरेशी आहे.' काटा राहिला. पण त्या काट्याला पौलाच्या आयुष्याचा निर्णय घेता आला नाही. मला मुक्ती दिसते ती अशी. सकाळी मन म्हणतं उठू नकोस, आणि तरी माणूस उठतो, मशिन चालू करतो, बायकोशी खरं बोलतो, कारण त्याला माहीत असतं की आपल्याला धरणारा हात आपल्या मूडवर अवलंबून नाही. यशया म्हणतो की चेपलेला बोरू तो मोडणार नाही आणि मिणमिणती वात विझवणार नाही, आणि मत्तयानं ते वचन येशूलाच लावलंय. तुम्ही खरा विश्वासी आहे का असं विचारताय, रात्रभर त्याच प्रश्नानं झोपत नाही. ज्याला देवाशी काही देणंघेणं नाही तो या प्रश्नानं कधी जागा राहतो का? वात मिणमिणतेय, पण जळतेय.

तर या आठवड्यात फार काही करू नका. बायकोला आकडे सांगा, बँकेत जा, रात्री स्तोत्र ४२ मोठ्यानं वाचा, आणि झोप-जेवणाचं मी वर विचारलंय ते मला कळवा, कारण त्यावरून डॉक्टरांकडं जायचं का ते ठरेल. रोज सकाळी प्रार्थनेत नाव न घेता तुम्हाला धरतोय, 'शिरोलीतला भाऊ' म्हणून. मावशींनाही सांगितलंय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'जेवतोय का त्यो?'